वीज गेली की संप का उतू जातो?

प्रश्न : आमची फिशटँक चार फुटी आहे (१२० × ४५ सें.मी.) आणि खाली ७५ × ३८ सें.मी.चा संप, म्हणजे पंप ठेवलेली दुसरी टाकी. पंप चालू असताना संप काठापासून ५ सें.मी. रिकामा असतो. गेल्या पावसाळ्यात रात्री लाइट गेली आणि सकाळी हॉलभर पाणी! खालच्या काकूंच्या छताला ओल आली. दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा म्हणतात. बसवू का?
– एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. जेल रोडला राहत होतो तेव्हा माझ्याकडेही तो होता. एका रात्री लाइट गेली, झडपेत गोगलगाईचा इवलासा शंख अडकला आणि पहाटे खालच्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं. त्यांच्या पलंगावर पाणी ठिबकत होतं. ती सकाळ मी विसरलेलो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या (जिथून जादा पाणी संपमध्ये उतरतं त्या) काठावरचा थर खाली येतो, ते पाणी थोडं. खरा घात करतो तो रिटर्न पाइप, म्हणजे पंपाचं पाणी वरच्या टाकीत नेणारा पाइप. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असलं की सायफन लागतो, म्हणजे पाणी त्याच पाइपातून आपोआप उलटं खाली ओढलं जातं, आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी होत राहते. तुमच्या टाकीत १ सें.मी. म्हणजे ५.४ लिटर. तोंड ६ सें.मी. खोल असेल तर ३२ लिटर खाली येणार, आणि संपच्या ५ सें.मी.त जेमतेम १४ मावणार.

रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ४-५ मि.मी.चं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. एरवी त्यातून बारीक धार सुटेल, ती टाकीच्या आत वळलेली हवी. शेवाळाने भोक बुजतं, म्हणून दोन पाडा आणि काच पुसाल तेव्हा काडीने साफ करा.

मग पंप बंद ठेवून, पाणी उतरायचं थांबलं की संप काठाखाली ४ सें.मी.पर्यंत भरा. पंप चालू करा. संपमधल्या पंपाच्या कप्प्यात पाणी जिथे स्थिरावेल तिथे मार्करने रेघ मारा. बाष्पीभवनाने पातळी याच कप्प्यात उतरते. मे महिन्यात रोज भर घालावी लागते आणि घाईत बादली जास्त ओतली जाते. रेघेच्या वर थेंबही नको.

ड्रेन, म्हणजे टाकीतलं पाणी संपमध्ये उतरवणारा पाइप, तुंबला तर उलटं होतं, पंप पाणी वर चढवत राहतो. त्याचा कप्पा २५ × ३८ सें.मी.चा आणि पंपाच्या वर २० सें.मी. पाणी असेल, तर १९ लिटर, म्हणजे वरच्या टाकीत साडेतीन सें.मी. तेवढी जागा काठाखाली मोकळी ठेवा. जमल्यास थोडा उंच तोंडाचा दुसरा ड्रेन घ्या. तो कोरडाच राहायला हवा. त्यात पाणी पडल्याचा आवाज आला की पहिला तुंबलाय.

सगळं झाल्यावर दिवसा, घरी असताना पंपाचं बटण बंद करून पाहा, दोन-तीनदा. संपभोवती जुन्या चादरी अंथरा. आणि काकूंना आधी सांगून ठेवा.