वर्ड्‌स्वर्थच्या निसर्गकवितेतून जगण्यासाठी नेमकं काय घ्यावं?

‘निसर्गात रमा, मन शांत होईल’ एवढंच हवं असेल तर इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थ वाचायची गरज नाही. त्याचा खरा मुद्दा आठवणीचा आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तलावाकाठी त्याला डॅफोडिलची फुलं दिसली. त्यांवरची ‘डॅफोडिल्स’ ही कविता लिहिली १८०४ मध्ये, छापली १८०७ मध्ये. सोबत बहीण डोरोथी होती (कवितेत मात्र हा एकटाच भटकतो!). तिच्या रोजनिशीत काही फुलं दमून दगडांवर उशीसारखी मान टेकतात, बाकीची वाऱ्यावर नाचतात. कवितेत दमलेली गळाली, नाचणारी तेवढी उरली. अंतर्चक्षूंबद्दलच्या गाजलेल्या दोन ओळी तर बायको मेरीच्या, हे त्यानेच सांगून ठेवलंय.

वाचताना शेवटचं कडवं आधी घ्या. तिथे तो कोचावर नुसता पडलाय आणि फुलं अचानक डोळ्यांपुढे येतात. पाहत होता तेव्हा केवढी पुंजी जमतेय याचा त्याला पत्ताच नव्हता. बहुतेकांचं इथेच बिनसतं: समोर बघतानाच अर्थ काढायला बसतात, नाहीतर फोटो काढून मोकळे होतात. आधी भरपूर बघा. लिहायचं ते मागाहून, निवांतपणी. ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या १८०० च्या प्रस्तावनेत त्याने कवितेचा उगम असाच सांगितला आहे.