शेजारच्या टेबलावरचा पगार

"काम तेच, पद तेच, मग त्याला माझ्यापेक्षा जास्त पगार का?" पगारवाढीची पत्रे हातात पडण्याचे दिवस आले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी शिक्षिका असते, कधी परिचारिका, कधी कारखान्यातला कामगार. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते ओतीव भागांची तपासणी करत. तक्रार झोप उडाल्याची होती. ११ वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचा पगार ३६,००० रुपये होता आणि पुण्याहून आलेल्या, त्यांनीच काम शिकवलेल्या सहकाऱ्याचा ४५,०००. प्रिंटरवर विसरलेल्या त्याच्या पगारपत्रकाचा फोटो यांनी मोबाइलमध्ये ठेवला होता आणि रोज रात्री जेवणानंतर ते तो उघडून पाहत.

"मॅडम, समान कामाला समान वेतन असा कायदा आहे की," ते म्हणाले. हा समज सर्रास आढळतो, म्हणून थोडे स्पष्ट करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये हे तत्त्व आहे, पण ते राज्यासाठीचे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे धोरण आखताना सरकारने पाळायची दिशा. १९७६ च्या समान वेतन कायद्याने स्त्री आणि पुरुष यांच्या पगारातील भेदभावाला बंदी घातली आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच सूत्र पुढे नेले. त्यामुळे एखादी भगिनी हीच तक्रार घेऊन आली, तर मी तिला आधी कामगार कायद्याच्या वकिलाकडे पाठवते, कारण तेथे मन समजावणे हा अन्यायच ठरेल. खासगी कारखान्यातल्या दोन पुरुषांमधील फरकाला मात्र हा कायदा लागत नाही.

पहिल्या काही भेटी रागातच गेल्या. नव्या सहकाऱ्याशी बोलणे त्यांनी बंद केले होते आणि घरी मुलांवर ओरडणे वाढले होते. चौथ्या भेटीत ते म्हणाले, "अकरा वर्षं राबलो, पण माझी काही किंमतच नाही तिथं."

अशा वेळी सांत्वनाची घाई न करता शब्द पकडावा, हे मला अनेक वर्षांच्या कामाने शिकवले आहे. मी विचारले, "किंमत म्हणजे कोणती? बाजारातली, की माणसाची?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन्ही एकच धरून बसलोय की मी."

आपल्या भाषेत वस्तूचा दर आणि माणसाची कदर या दोहोंना 'किंमत' हा एकच शब्द चालतो आणि पगाराच्या आकड्यात आपण नकळत दुसरा अर्थ वाचू लागतो, हे मलाही त्या दिवशी प्रथमच इतके स्वच्छ दिसले. वास्तविक नवा माणूस त्या वेळच्या बाजारभावाने येतो, तर जुन्याची वाढ त्याच्या जुन्या आकड्यावर टक्क्यांनी बसते. दरी पडते ती बहुधा या हिशेबाने. कोणी कोणाची लायकी तोललेली असतेच असे नाही.

"तुम्ही वाढ मागितली होती का?" या माझ्या प्रश्नावर ते उसळले, "मागायची कशाला? साहेबांना दिसायला नको?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, ती अशाच जागी. साहेबांच्या लक्षात यावे ही इच्छा रास्त आहे. पण लक्षात आलेच पाहिजे, हा हट्ट माणसाला बोलूही देत नाही आणि झोपूही देत नाही. पगारातला फरक त्यांना खुपू नये, असे मी कधीच सुचवले नाही. तो खुपणारच होता.

नंतरच्या दोन भेटींत आम्ही केवळ मागणीची तयारी केली. सहकाऱ्याचे नाव आणि त्याचा आकडा बोलण्यात आणायचा नाही, असे मी बजावले, कारण तो काढला की साहेब त्याच्या गुणांचा पाढा वाचतात आणि आपला विषय बाजूला पडतो. त्याऐवजी परत आलेल्या मालाचे घटलेले प्रमाण, शिकवून तयार केलेली माणसे आणि आसपासच्या कारखान्यांत या कामाला मिळणारा पगार हे सारे एका कागदावर लिहून न्यायचे ठरले.

त्यांना ४,००० रुपयांची वाढ मिळाली. फरक मिटला नाही, पण झोप परतली आणि सहकाऱ्याबरोबरचा चहाही सुरू झाला. शेवटच्या भेटीत मी त्या फोटोची चौकशी केली.

"आहे की अजून," ते हसत म्हणाले, "पण आता वर्षातनं एकदाच काढायचा, साहेबांकडं जायच्या आदल्या दिवशी."