आतला कोड सुचत नसेल तर ‘अनडिफाइन्ड’ लिहून पुढे जावं का?

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनचा टाइप (ते काय घेतं आणि काय देतं) सुचतो पण आतला कोड सुचत नाही, तेव्हा ‘अनडिफाइन्ड’ (नुसती जागा धरणारी, पण प्रत्यक्ष लागली की प्रोग्राम पाडणारी किंमत) टाकून पुढे जाणं ही वाईट सवय आहे का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच नाही. मी नवा प्रोग्राम तसाच सुरू करते.

परवाचंच उदाहरण घ्या. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब होता: फाइल वाचायची, नोंदी काढायच्या, फ्लॅटवार थकबाकी काढायची. आधी नुसत्या सिग्नेचर, म्हणजे फंक्शनचं नाव आणि टाइप सांगणाऱ्या ओळी लिहिल्या, सगळ्यांच्या पोटात अनडिफाइन्ड. नोंदीत काय काय असेल हेही ठरलं नव्हतं, म्हणून ‘डेटा नोंद’ एवढंच लिहिलं, एकही कन्स्ट्रक्टर, म्हणजे त्या टाइपची किंमत बनवायची रीत, न देता. हॅस्केलला ते चालतं. मग फंक्शनं एकमेकांना जोडली आणि कंपायलर अडला. नोंदी काढणारं फंक्शन ‘आयदर’ देत होतं, म्हणजे चूक किंवा यादी. थकबाकीवाल्याला नुसती यादी हवी होती. एखादी ओळ खराब निघाली तर अख्खी फाइल नाकारायची की तेवढी ओळ सोडायची, हा खरा प्रश्न आतलं काहीही लिहायच्या आधीच समोर आला.

सिग्नेचर मात्र हवीच. अनडिफाइन्ड कुठल्याही टाइपच्या जागी बसतं, त्यामुळे सिग्नेचर नसेल तर कंपायलरला पकडायला काही उरतच नाही.

आतला कोड भरायला बसलात की त्या जागी ‘_’ टाका. जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरमध्ये ७.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ही सोय आहे. कंपायल होत नाही, पण तिथे कोणता टाइप हवा आणि हाताशी काय काय आहे ते कळतं. २०१८ पासूनच्या आवृत्त्या तिथे बसतील अशी फंक्शनंही सुचवतात.

खरी भीती अनडिफाइन्ड विसरण्याची. हॅस्केल गरज पडेपर्यंत किंमत काढत नाही. तीन अनडिफाइन्डच्या यादीची लांबी विचारा, मुकाट्याने ३ सांगेल. माझ्या एका रिपोर्टात असंच एक फील्ड राहून गेलं. टेस्ट फक्त ओळी मोजत होत्या, त्या पास झाल्या, आणि छापायच्या वेळी प्रोग्राम कोसळला. ‘-वॉल’ हा जास्तीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय लावूनही कंपायलर अनडिफाइन्डबद्दल चकार शब्द काढत नाही.

तेव्हापासून मी स्वतःचं ‘टूडू’ ठेवते: आत अनडिफाइन्डच, पण त्यावर ‘वॉर्निंग’ प्रॅग्मा, म्हणजे ते कुठे वापरलं की वॉर्निंग दे अशी कंपायलरला सूचना. ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कारण ज्या मॉड्यूलमध्ये ते लिहिलंय तिथल्या वापरावर वॉर्निंग येत नाही. सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, वॉर्निंगला चूक मानणारं ‘-वेरर’ लावलं की वॉर्निंगलाच बिल्ड अडतो, आणि अर्धवट फंक्शन मेन ब्रँचपर्यंत पोचत नाही.