वनस्पतिशास्त्र घेतलंय, पुढे काय?

प्रश्न : ताई, मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय मनापासून आवडतो, पण घरी-दारी एकच पालुपद : ‘यात शिक्षकीशिवाय आहे काय?’ शिकवणं माझ्या स्वभावात नाही. आत्ताच विषय बदलू का?

उत्तर : एवढी घाई नको. काय जमणार नाही ते तू ठणकावून लिहिलंस, पण काय जमतं याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. प्रॅक्टिकलला तू कशात रमतेस? पातळ छेद घेण्यात, की ओळख-किल्ली (लक्षणांची पायरीपायरीने लावलेली यादी) वापरून झाड ओळखण्यात? आधी ते कळव.

माझी नोकरी बीजपरीक्षणात झाली, तेव्हा तिथलंच सांगते. बियाण्याच्या लॉटमधल्या चारशे बिया घ्यायच्या, शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी उगवण मोजायची. ऐकायला कारकुनी वाटतं. पण गुंडाळी उलगडली की कस लागतो. मुख्य मूळ खुंटलंय, बाजूची मुळं मात्र जोमदार आहेत. असं रोप ‘नॉर्मल’ धरायचं का? मक्यात धरतात, कांद्यात नाही. शेंगवर्गातली एखादी बी फुगतच नाही. ती मेलेली नसते, टणक कवचामुळे तिच्यात पाणी शिरलेलं नसतं, म्हणून तिची नोंद वेगळी. पहिल्या वर्षी कंटाळत पाठ केलेलं बाह्यरूपशास्त्र इथे रोज लागतं.

सूक्ष्मदर्शकावर डोळा बसला असेल तर परागकणांकडे बघ. मधातले परागकण पाहून तो कुठल्या फुलांचा ते सांगता येतं. अ‍ॅलर्जीच्या अंदाजासाठी हवेतलेही मोजतात. औषधी कंपन्यांत वनस्पतींच्या चूर्णातली भेसळ पर्णरंध्रं आणि स्फटिकांवरून पकडतात. अगदी कोर्टातही हे ज्ञान चालतं. अमेरिकेत प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या मुलाच्या अपहरणाचा खटला 1935 साली चालला, तेव्हा आर्थर कोलर या लाकूडतज्ज्ञाने गुन्ह्यातल्या शिडीची एक फळी आरोपीच्या माळ्यावरच्या तक्तपोशीशी जुळवून दाखवली होती, वाढीची वलयं आणि खिळ्यांची भोकं ताडून. (अशा नोकऱ्या मोजक्याच, त्या भरवशावर बसू नकोस.)

टिश्यू कल्चरचं (वनस्पतीच्या छोट्याशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवण्याचं) नाव तुला कुणी ना कुणी सुचवेलच. काम चांगलं आहे, पण तासन्‌तास निर्जंतुक कक्षात हात आत घालून बसावं लागतं. चुळबुळ्या माणसाने त्यापेक्षा पर्यावरण सर्वेक्षण धरावं.

यातल्या बऱ्याच जागांना पदव्युत्तर शिक्षण मागतात आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरीही सांगून ठेव. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत नुसतं बसायची परवानगी काढ. साहेबांपेक्षा तिथल्या तंत्रज्ञाला विचार, दुपारनंतर तुम्ही नेमकं काय करता? आणि संख्याशास्त्राचा एखादा कोर्स आत्ताच उरकून घे. आमच्याकडे झाडं ओळखणाऱ्यांचे अर्ज पुष्कळ यायचे, पण शंभर-शंभर बियांच्या चार भागांच्या आकड्यांतला फरक चालण्याजोगा आहे की चाचणी पुन्हा लावायची, हे सांगू शकणारा क्वचितच सापडायचा.