मोटर सुरू झाली तो टेक टाकून देऊ नकोस

प्रश्न : सर, मी जळगावला मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव रावेर तालुक्यात. प्रोजेक्टसाठी ११ मिनिटांची फिल्म केली आहे. वादळात केळीची बाग आडवी होते आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी एकटाच बागेत जातो. शेवटचा सीन २ मिनिटं ४० सेकंदांचा आहे, त्यात एकही संवाद नाही. शेतकऱ्याचं काम माझ्या पप्पांनीच केलंय. वर्गातल्या मित्राने की-बोर्डवर सारंगीची धून करून दिली आहे, ती लावली की सगळे रडतात. गाईड म्हणतात, म्युझिक नसेल तर लोक मोबाइल काढतील. मला मात्र ती धून खटकते, का ते सांगता येत नाही. सायलेन्स ठेवून पाहिला तर सीन मेल्यासारखा वाटला. आमचा सगळ्यात चांगला टेक तर वायाच गेला. मध्येच लाइट आली, मोटर ऑटोवर होती ती सुरू झाली आणि पप्पा सवयीने ती बंद करायला निघून गेले. शेवटी बहिणाबाईंचं गाणं टाकलं तर चालेल का?

उत्तर : सायलेन्स ठेवला म्हणजे नेमकं काय केलंस? माझा अंदाज, ट्रॅक म्यूट केलास. तसं केलं की हॉलमधले लोक मागे वळून प्रोजेक्टरवाल्याकडे बघतात. त्यांना वाटतं, वायर निघाली. पडद्यावरची शांतता रेकॉर्ड करावी लागते. हिचकॉकच्या १९६३ च्या ‘द बर्ड्स’मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत नाही, पण त्यासाठी पक्ष्यांचे आवाज विद्युत वाद्यावर मुद्दाम घडवून घेतले होते. म्युझिक काढलं म्हणजे काम कमी झालं असं नाही, उलट वाढतं.

तुझ्या बागेत काय ऐकू येतं ते आठव. उभ्या बागेत पानं डोक्यावर घासत असतात. बाग पडली की तोच आवाज पायाशी येतो. वाऱ्याने पानं शिरांच्या रेषेत चिरून त्यांच्या पट्ट्या झालेल्या असतात आणि त्या जरा सुकल्या की कागदासारख्या वाजतात. खोडात पाणीच पाणी, त्यामुळे पिचलेल्या खोडावर चप्पल पडली की पचकन आवाज होतो. हे घेतलंयस का? नसेल तर बाग साफ व्हायच्या आत पुन्हा जा. फोन चालेल, फक्त माइकवर लोकरी मोज्याचा तुकडा चढव, नाहीतर नुसता वाराच ऐकू येईल. एक पूर्ण मिनिट कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात तेवढ्यात मालगाडी येणारच. येऊ दे, ती वेगळी ठेव आणि मिनिट पुन्हा घे.

आता सारंगी. सगळे रडतात, हा काही पुरावा नाही. जाहिरातीतही रडतात. ती पहिल्या फ्रेमपासून वाजत असणार. मग पप्पांनी बागेत पाय ठेवायच्या आधीच प्रेक्षकाला कळतं की आता रडायचंय, आणि त्यांच्याकडे बघायचं राहून जातं. मी स्वतः हे करून बसलोय. विद्यार्थी असताना आजीवर फिल्म केली. भुसावळजवळचं आमचं घर, पहाटेची चूल, भाकरी थापणं. भाकरीच्या थापेवर मी बासरी ओतली. गावात दाखवली तेव्हा आजीने एवढंच विचारलं, “घरात बासरी कोन वाजवत व्हतं?” त्या थापेचा आवाज आज माझ्याकडे कुठेच नाही. आजीही नाही.

पण म्युझिक म्हणजे पाप, असंही मनावर घेऊ नकोस. सत्यजित रायच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. मुलगी गेलीय हे त्याला माहीत नाही. बायको, सर्वजया, कोसळते, पण तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं. तिथे वाद्याने रडण्याची जागा घेतली, रडण्यावर चढलं नाही. तुझ्या मित्राची धून कशाची जागा घेते, ते त्यालाच विचार. उत्तर आलं तर तेवढ्या दहा सेकंदांपुरती ठेव.

बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. आपल्याकडे मृत्यूनंतर छापलेल्या लेखनाचा हक्क छापल्यापासून ६० वर्षांचा, त्यामुळे त्या पहिल्या आवृत्तीतले शब्द वापरायला आता कोणाची परवानगी लागत नाही. मात्र यूट्यूबवरून उतरवलेल्या गाण्याची चाल आणि रेकॉर्डिंग, दोन्हींचे हक्क वेगळे. त्यावर दावा लागला की फिल्म अडकते. घरात कोणी गात असेल, आई, आत्या, तर त्यांच्याच चालीत गाऊन घे आणि नावं वर जाताना लाव. पप्पांच्या चेहऱ्यावर नको.

तुझ्या पत्रातली खरी गोष्ट मात्र वाया गेलेल्या टेकची आहे. बाग झोपलीय, लाइट येते, स्टार्टर खट् करतो, ठिबकच्या नळ्यांतून आधी हवा फुसफुसते, मग पडलेल्या झाडांना पाणी सुटतं. आणि ज्याची बाग गेली तो माणूस पाणी वाया जातंय म्हणून मोटर बंद करायला चालू लागतो. अगं, हे लिहून काढायला मला चार महिने लागले असते. त्यात सारंगीला जागा कुठे आहे? मोटर बंद झाली की शांतता आपोआप पडेल, तीही ऐकू येणारी. पप्पा फ्रेमबाहेर गेल्यावर कॅमेरा किती वेळ चालू होता, ते आज रात्रीच बघ आणि मला कळव.