सहानुभूती नको, कारणं लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याकडे चौकशीला आलेल्या त्या कारकुनावरचा एकही दोषारोप टिकत नाही, हे तुला कागदांवरून स्वच्छ दिसतंय. वरून मात्र सुचवणी आलीय की 'दीर्घ सेवा व कौटुंबिक परिस्थिती पाहता सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एवढं लिही, एक वेतनवाढ रोखू आणि फाइल बंद करू. तू विचारतेस, यात बिघडलं कुठे?

मला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड आठवला. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो मतांवर निवडून येतो आणि कारभार तोच हाकतो.) जन्म १८४७ चा, जर्मनीतला. तान्हा असताना आईबापांबरोबर ओहायोत आला. गरीब शेतकऱ्याचं पोर, यादवी युद्धात कोवळ्या वयात शिपाई, मग मास्तर, मग वकील. १८७५ मध्ये शिकागो गाठलं, जमिनी-इमारतींच्या व्यवहारात बक्कळ कमावलं, पुढे जज्ज झाला. १८९२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आला. परदेशात जन्मलेला, त्या राज्याचा पहिलाच.

महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी आपण कामगार दिन पाळतो, त्याचं मूळ त्याच्या शिकागोत आहे. मे १८८६ मध्ये तिथे आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू होता. ४ मेच्या रात्री हेमार्केटमधली सभा संपत आली असताना पोलिसांवर बाँब पडला. टाकणारा कोण, हे कधीच सिद्ध झालं नाही. तरी आठ जण दोषी ठरले. सात जणांना फाशी, ऑस्कर नीबेला पंधरा वर्षं. चौघे १८८७ च्या नोव्हेंबरात फासावर गेले, एकाने आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला, दोघांची फाशी तेव्हाच्या गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली. या सगळ्या काळात आल्टगेल्ड गप्प होता. त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस.

१८९३ मध्ये उरलेले तिघे इलिनॉयमधल्याच जोलिएटच्या तुरुंगात होते. शहरातले प्रतिष्ठित लोकच म्हणू लागले, झाली तेवढी शिक्षा पुरे, दया करा. म्हणजे तुझ्या साहेबांचंच वाक्य! दोन ओळींच्या माफीवर सही केली असती तर चार दिवस कुरकुर झाली असती, बस्स. त्याने खटल्याचे कागद मागवले आणि वाचत बसला. २६ जून १८९३ ला माफी दिली, सोबत कारणांचं भलंमोठं निवेदन जोडून. त्याचा रोख असा: हे खरंच दोषी असतील तर दयेचा प्रश्नच येत नाही. पण दोष सिद्ध झाला कुठे?

मग एकेक गोष्ट. ज्यूरीसाठी ९८१ माणसं तपासली, पण ती चिठ्ठ्या टाकून निवडलेलीच नव्हती, खास नेमलेल्या बेलिफाने गोळा केलेली. आधीच मत बनवून बसल्याचं कबूल करणारेही चालवून घेतले. नीबे त्या रात्री तिथे नव्हताच. त्याच्याविरुद्ध काय, तर कामगारांच्या जर्मन वर्तमानपत्रातला दोन डॉलरचा हिस्सा आणि घरात सापडलेलं लाल निशाण. तो कैदेत असतानाच त्याची बायको वारली होती.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. निवेदनाच्या शेवटी तो खटल्याच्या न्यायाधीशावर घसरला. त्यात तथ्य असेलही, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. तू साहेबांबद्दल एक अक्षर लिहू नकोस. कागद काय म्हणतात तेवढंच लिही.

किंमत? वर्तमानपत्रं तुटून पडली, त्याचं जर्मन मूळ उकरलं गेलं. पुढच्याच वर्षी पुलमन संपात, म्हणजे रेल्वे कामगारांच्या मोठ्या संपात, राष्ट्राध्यक्षांनी त्याला न विचारता फौज धाडली, तेव्हा त्याने लेखी हरकत घेतली. तीही महागात पडली. १८९६ ची निवडणूक तो हरला. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीत त्याला निरोपाचं भाषणसुद्धा करू दिलं नाही. पैसाही गेला, पुन्हा वकिली करावी लागली. मार्च १९०२ मध्ये जोलिएटमध्येच, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय चौपन्न.

आता माझं ऐक. नोकरीच्या सहाव्या वर्षी अशाच एका प्रकरणात मी 'ताकीद देऊन प्रकरण बंद' असं लिहून मोकळा झालो होतो. माणूस वाचला म्हणून मनात खूशही होतो. अकरा वर्षांनी त्याची बढती अडली. का, तर सेवापुस्तकात ताकीद होती. तो मला भेटायला आला. रागावला नाही, फक्त म्हणाला, "साहेब, मी काही केलं नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं ना?" मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार होतो?

तर मसुदा रविवारपर्यंत पाठव. प्रत्येक दोषारोपासमोर कोणता कागद पाहिलास, त्याचा पान क्रमांक टाक. आणि बदली होईल म्हणतेस, ती होईलही. मुलाच्या शाळेचं तेवढं आत्ताच पाहून ठेव.

तुझा,
काका