डीएनए बायोसेन्सर: आधी प्रोब, मग बोअरचं पाणी

लातूरच्या बोअरचं पाणी थेट डीएनए बायोसेन्सरवर (ठराविक डीएनए जुळला की विजेचा सिग्नल देणारं उपकरण) टाकून ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) शोधायचा तुझा बेत चांगला आहे, पण ते शेवटी. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालत नाही. इतके विरळ जंतू थेंबभर नमुन्यात कुठून सापडणार? ते आधी गाळून गोळा करावे लागतात.

सुरुवात विकत आणलेल्या कृत्रिम डीएनएने कर. ई. कोलायचा यूआयडीए (uidA) जीन घे, हा जंतू ओळखायला तोच वापरतात. प्रोब, म्हणजे त्या जीनला जुळणारा डीएनएचा एकपदरी तुकडा, 20-25 बेसचा (डीएनएची ‘अक्षरं’) पुरे, एका टोकाला थायॉल (गंधकाचा गट) लावलेला, म्हणजे सेन्सरच्या सोन्याच्या इलेक्ट्रोडला धरून राहतो. मग तिन्ही तपास: जुळणारा डीएनए, न जुळणारा, नुसता बफर (डीएनए नसलेलं क्षारांचं द्रावण). फरक दिसेना, तर पुढे जाऊच नको.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- इलेक्ट्रोड नीट घासत नाहीत. निम्मी डोकेदुखी हीच. अल्युमिनाच्या बारीक पुडीने घास, घाई नको.
- उघड्या सोन्यावर मर्कॅप्टोहेक्झेनॉल (मोकळी जागा झाकणारं रसायन) देत नाहीत, मग डीएनए वाट्टेल तिथे चिकटतो.
- जंतूचा डीएनए दुपदरी असतो हे विसरतात. पदर सुटे झाल्याशिवाय प्रोबला जुळत नाही, म्हणून 95 अंशांवर तापवून लगेच बर्फात ठेव.

आणि वहीत ‘रूम टेंपरेचर’ लिहू नकोस. मे महिन्यात आपल्याकडची खोली आणि डिसेंबरातली खोली एक नाही, आणि प्रोब-डीएनएची जुळणी तापमानावर हलते. हीटिंग ब्लॉक वापर, आकडा लिही.

क्लोरीन टाकलेल्या पाण्यात सिग्नल आला तर दचकू नकोस, मेलेल्या जंतूचा डीएनएही दिसतो. सिग्नल वाढवणारे नॅनोकण वगैरे नंतर बघू.